सहा खोटे अलार्म

३ जानेवारी

सरकारी नोंदवहीत 'मूर्ख' हा शब्द लिहिता येत नाही. परवा मी लिहून बघितला, तर आमच्या कौन्सिलच्या अध्यक्षा लोरेनबाईंनी त्यावर पांढरी शाई फासली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नागरिक'. म्हणून ही दुसरी वही. ही माझी. हिच्यात नागरिकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारता येईल.

तर मी रसेल कुबाला, वय एकसष्ट, एक जानेवारीपासून कोल्टर्स रन गावचा अलार्म अधिकारी. त्याआधी एकोणतीस वर्षं याच इमारतीत पाणीपट्टीच्या खिडकीवर बसून शिव्या खाल्ल्या. आता अलार्मच्या खिडकीवर बसून खाणार. खिडकी तीच आहे, फक्त पाटी बदलली.

नियम मीच लिहिलेत आणि ते शेंबड्या पोरालाही कळतील असे आहेत. घरी-दुकानात अलार्म असेल तर परवाना काढा. वर्षात तीन खोटे अलार्म माफ. चौथ्यापासून दंड. सहावा झाला की तुमचा पत्ता पडताळणी यादीत. म्हणजे मग अलार्म वाजला म्हणून लगेच बंब निघणार नाही. अलार्म कंपनीने आधी घरी विचारायचं, उत्तर नाही आलं तर नेमून दिलेल्या नातेवाइकाला फोन करायचा, नातेवाइकाने खात्री करून 'खरा' म्हटलं की मग बंब. हे कलम नऊ. माझं लाडकं.

गेल्या वर्षी आमच्या अग्निशमन दलाला दोनशे अकरा वेळा पळवलं गेलं. त्यातल्या एकशे अडुसष्ट वेळा आग नव्हती, चोर नव्हता, काहीच नव्हतं. आणि हे लोक पगारी नाहीत हो! कोणी गॅरेजातून उठून येतो, कोणी न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी घेऊन. कोणीतरी त्यांची कीव करायला हवी होती, ती मी केली.

मंजुरीच्या वेळी लोरेनबाई म्हणाल्या, "रसेल, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात मदत बोलवायची बटणं असतात, त्यांना तरी सूट देऊ या."

मी म्हटलं, "बाई, एकदा सूट दिलीत की उद्या सगळं गाव म्हातारं होईल."

सगळे हसले. सूट गेली.

आईच्या गळ्यातही तसलंच बटण आहे, म्हणून तिलाही परवाना काढायला लावला. पहिला अर्ज तिचाच, नंबर एक. विल्मा कुबाला, वय शहाऐंशी, चर्च स्ट्रीट, एकटी. नातेवाईक म्हणून अर्थातच मी. वर्षापूर्वीच्या नाताळात ती जिन्यावरून पडली तेव्हाच आमचं ठरलंय, आता पुन्हा एकदा पडली की सरळ वृद्धाश्रम. वाद नको. माहितीपत्रक तिच्या टेबलावर नेऊन ठेवलंय. वर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचा फोटो आहे. आई म्हणते, इतके हसतायत म्हणजे गोळ्या जास्त झाल्यात. तिला मरेपर्यंत स्वतःच्या घरात राहायचंय, हे ती दर रविवारी मला ऐकवते. पण तेव्हापासून ती एकदाही पडलेली नाही, हेही खरं. नियम स्वच्छ सांगितला की माणसं सुधारतात.

१४ जानेवारी

दोन आठवड्यांत नऊ खोटे. भेटवस्तूंच्या दुकानात वाढदिवसाचा फुगा रात्रभर तरंगत राहिला, अलार्मला वाटलं चोर. अंत्यविधीच्या दुकानात अलार्म वाजला. तिथून काय चोरणार आणि कोण पळून जाणार, ते मला अजून कळलेलं नाही. आणि एक आमच्याच कचेरीत. दोन्ही हातांत डोनटचे खोके होते, मी कोपराने आकडे दाबले, चुकले. पण कलम अकराप्रमाणे नगरपरिषदेच्या इमारतींना हे नियम लागू नाहीत. तेही मीच लिहिलंय. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

नववा मात्र आईचा. दलप्रमुख बक ट्रॉक्सेलच्या सहीने कागद आला: 'झोपेत बटण दाबलं गेलं. खोटा.' मी लगेच फोन लावला.

"आई, सकाळी अकराला झोपली होतीस?"

"म्हातारी आहे मी. वाटेल तेव्हा झोपेन."

"बटणावर?"

"तुझे वडील जन्मभर टीव्हीच्या रिमोटवर झोपले. त्यांना नाही कोणी कागद पाठवला."

रविवारी गेलो तर पॅसेजमधला गालिचा गायब. बकने नेला म्हणे गॅरेजात, गाडीखाली झोपताना अंथरायला. माझ्या बापाने पिट्सबर्गहून डोक्यावरून आणलेला गालिचा, आणि त्यावर आता हा बाबा सायलेन्सर बदलणार! आईला कोणीही गोड बोलून काहीही मागावं.

७ फेब्रुवारी

आईचा दुसरा. 'बटण कपाटाच्या दाराला अडकलं. खोटा.' पुन्हा सही बकची.

कागदावर वेळाही असतात आणि मी वेळा वाचतो. चार जण, पाऊण तास. एक बटण दारातून सोडवायला चार माणसं आणि पाऊण तास! शेजारच्या बाईंकडून कळलं की नंतर सगळे स्वयंपाकघरात बसून कोबी-शेवया खात होते, बंब बाहेर सुरू ठेवून. मी लगेच सूचना काढली: घटनास्थळी जेवण करू नये. बक ती घ्यायला खिडकीवर आला, वाचली आणि 'बरं' म्हणाला. तोंडात आईच्या हातचा अक्रोडाचा रोल होता.

बक म्हणजे बासष्ट वर्षांचा विधुर. माझ्या पुढच्या वर्गात होता आणि गणितात माझ्याहून मागे. हे येणं-जाणं कशासाठी चाललंय ते मला दिसतंय. त्याला रोलची कृती हवी आहे.

आई स्वयंपाकघरात जाड लोकरी स्वेटर घालून बसली होती. हीटर चालू, मला घाम फुटलेला, आणि ही बाई मनगटापर्यंत झाकलेली. म्हटलं, "काढ की." म्हणाली, "थंडी वाजते." कॉफीही डाव्या हाताने ओतत होती, अर्धी बशीत. वय झालं की सवयी बदलतात, असं कुठेतरी वाचलंय.

२१ मार्च

आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहावा. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा. सगळं गाव तिथे, दलाचे झाडून सगळे लोकही तिथे, ताटं भरून. तेलाच्या धुराने हॉलचा अलार्म वाजला. आता हे सगळे हॉलमध्येच उभे, धूर कशाचा ते डोळ्यांना दिसतंय. पण पद्धत म्हणजे पद्धत! सगळे ताटं टाकून बंबखान्यात पळाले, हेल्मेट चढवली, बंब काढला, भोंगा वाजवत दोन गल्ल्या ओलांडून त्याच हॉलसमोर आणून उभा केला आणि आत येऊन पुन्हा आपापल्या ताटांवर बसले. बकने अहवालात लिहिलं, 'मासा.' लोरेनबाईंनी त्यावर पांढरी शाई लावली नाही.

या आठवड्यात आईचा तिसराही झाला. 'आंघोळ करताना साबणाच्या हाताने बटण दाबलं गेलं. खोटा.' माफीचे तीन संपले, आणि मार्चही संपलेला नाही.

जाऊन बघतो तर न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा नवा दांडा.

"हा कोणी लावला?"

"बकने."

"कशाला?"

"टॉवेल वाळत घालायला," आई म्हणाली. आणि खरंच टॉवेल होता त्यावर.

मी हलवून बघितला. हत्ती लोंबकळला तरी निघणार नाही. टॉवेलसाठी एवढं सिमेंट! पण काम सुबक आहे. माझ्याकडेही एक लावून द्यायला सांगणार होतो, पण अधिकाऱ्याने उपकार घेऊ नयेत.

१२ मे

काल मातृदिन. आईला हायवेवरच्या हॉटेलात जेवायला नेलं. आपल्या हाताने वाढून घ्यायचं जेवण, पण ही राणीसरकार खुर्चीतून उठलीच नाही. "तू आण", "तूच आण", "अजून थोडा बटाटा". सात फेऱ्या मारल्या मी. गाडीत बसताना माझा दंड असा धरला की बोटं उमटली. म्हटलं, "आई, जोर बघ तुझा!" ती म्हणाली, "बघ ना."

आणि आज कचेरीत आलो तर टेबलावर तिचा चौथा. शनिवारचा. 'मांजर बटणावर बसली. खोटा.' आईकडे मांजर नाही. शेजाऱ्यांची असेल.

चौथा म्हणजे दंड. मी दहा मिनिटं पेन हातात घेऊन बसलो, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. मातृदिनाच्या दुसऱ्या दिवशी आईला दंडाचं रजिस्टर पत्र पाठवणारा गावात मी पहिलाच असेन. लोरेनबाई म्हणाल्याही, "रसेल, हे एक राहू दे." पण मी आईला सोडलं तर उद्या फुगेवाला येऊन माझ्या खिडकीवर टिचकी मारणार. पाठवलं.

(आठवड्याने जोडतोय.) तिने पन्नास डॉलरचा चेक लिहिला आणि खाली टीप: 'बाळा, तुझं अक्षर सुधारलंय.' माझं पत्र तिने फ्रिजवर चिकटवलंय, माझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकाच्या जागी.

७ जुलै

चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांनी एका दिवसात अकरा खोटे. तरीही सहा महिन्यांचा हिशोब बघता गावातले खोटे अलार्म निम्म्याहून खाली आलेत. जिल्ह्याच्या नगरपालिका संघटनेने दखल घेतली आहे. 'कोल्टर्स रन पद्धत' असं म्हणतायत म्हणे. पद्धत कोल्टर्स रनची नाही, माझी आहे, पण जाऊ दे.

आईचा पाचवा. 'टोमॅटो तोडताना वेलीला अडकलं. खोटा.' मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर लाकडी उतार ठोकलाय. बकनेच. टोमॅटोची ढकलगाडी नेता यावी म्हणून. तिच्याकडे चार रोपं आहेत.

कधी कधी मनात येतं, ती एकटी पडते म्हणून बटण दाबत असेल. चार माणसं येतात, बसतात, गप्पा मारतात, बरं वाटत असेल. मी रविवारी जातो ते पुरत नसेल. तसं असेल तर वाईट आहे. पण एकटेपणासाठी बंब नसतो. मी बुधवारीही जाईन. पण या बुधवारी नेमकी बैठक निघाली आहे.

४ सप्टेंबर

सहावा. 'बटण तपासून पाहत होत्या. खोटा.'

यादीत गेली. सहाव्याचं पत्र छापलं, सही केली आणि पाकिटात घातलं. अलार्म कंपनीलाही कळवलं: या पत्त्यावर यापुढे कलम नऊ. यादीत आता तीन पत्ते आहेत: फुगेवाला, अंत्यविधीचं दुकान आणि माझी आई.

८ सप्टेंबर

बक खिडकीवर आला. एरवी खिडकीला कोपर टेकवून उभा राहतो, आज टोपी हातात घेऊन उभा होता.

"रसेल, काकूंचं नाव यादीतून काढ."

"कारण?"

"काढ म्हणजे झालं."

"बक, ही नगरपरिषद आहे, तुझं गॅरेज नाही. 'झालं' असं कारण अर्जात लिहायला जागा नाही."

"तू तिचा मुलगा आहेस ना?"

"कचेरीच्या वेळात नाही."

त्याने टोपीची कड फिरवली. मग म्हणाला, "मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला?"

"तुमच्याच लोकांची धावपळ वाचावी म्हणून मी हे सगळं करतोय, आणि तूच—"

"आम्ही कधी तक्रार केली, रसेल? तिच्याबद्दल एकदा तरी केली?"

"तुम्ही कशाला कराल? जेवायला मिळतं."

बक माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं आता खिडकीतून हात घालतो. पण त्याने टोपी घातली. "तुला डोळे आहेत," म्हणाला, "अधूनमधून वापरत जा." आणि गेला. अर्धशिक्षित माणूस. मी हे सगळं लिहून ठेवतोय म्हणजे पुढे कोणी विचारलं तर पुरावा असावा.

तरी आज घरी जाताना आईकडे डोकावलो. ती बरी होती. खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होती. मी तिला यादीचं समजावलं, आता बटण दाबलंस तर आधी मला फोन येईल आणि मी सांगेन खरं की खोटं.

"तुला कसं कळणार?" तिने विचारलं.

"मी खात्री करीन."

"बरं," ती म्हणाली. "तुला फोन येणार म्हणजे ठीकच आहे."

टेबलावरचं माहितीपत्रक तिने उलटं ठेवलं होतं. मी सुलटं केलं.

९ ऑक्टोबर

हॉस्पिटलात बसून लिहितोय. आई आत आहे. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन.

जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो. तेवढंच मला येतं.

आज दुपारी संघटनेचं जेवण होतं, बंबखान्याच्या हॉलमध्ये. बाहेरगावचे पन्नासेक लोक. दलाचे लोक वाढायला, बक स्वयंपाकघरात कोंबडीच्या परातींवर. मला स्मृतिचिन्ह मिळायचं होतं. लोरेनबाईंनी माझं कौतुक केलं आणि मी माइकवर कलम नऊ समजावून सांगत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अलार्म कंपनीचा नंबर.

मी खुश झालो. हे लिहायला हवं. मी खुश झालो. म्हटलं, "मंडळी, प्रात्यक्षिकच बघा." आणि फोन माइकजवळ धरला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पलीकडची मुलगी म्हणाली, "मिस्टर कुबाला, विल्मा कुबालांचं बटण दाबलं गेलंय. भिंतीवरच्या पेटीतून आम्ही हाका मारल्या. शब्द नीट येत नाहीत, फक्त रेडिओ ऐकू येतोय. घरचा फोन कोणी उचलत नाही. अलार्म खरा आहे का?"

 सगळे माझ्याकडे बघतायत.

कलम नऊ म्हणतं, खात्री करून सांगावं. मी खात्री केली नाही. घर तीन मिनिटांवर आहे. मी माइकमध्ये म्हटलं, "सातवा! माझी आई आहे, मी ओळखतो तिला. खोटा आहे. रद्द करा."

लोक हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बकने हातातली परात टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता ऍप्रन काढला आणि निघाला. मागोमाग वाढणारे तिघे. बाहेर बंब सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी माइकवर म्हटलं, "बघा, आमचे स्वयंसेवक किती उत्साही आहेत." पुन्हा हसले. मग मी उरलेली चार मिनिटं भाषण पूर्ण केलं.

ती मागच्या खोलीत, धुलाईच्या मशीनपाशी, जमिनीवर होती.

१० ऑक्टोबर

ऑपरेशन नीट झालं. ती झोपेत आहे.

बक रात्रीपासून इथेच आहे. सकाळी त्याने मला कॉफी आणून दिली. मी ती घेतली आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "तुला कसं कळलं की हा खरा होता?"

"तिचे सगळेच खरे होते, रसेल."

मला समजलं नाही. खरंच समजलं नाही. त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. गालिच्यात पाय अडकून पडली तो पहिला. दुसऱ्यात हात मुरगळला, कोपरापासून काळानिळा. मग न्हाणीत. मग पायऱ्यांवर, दोनदा. सहावा तर पलंगाजवळच. दर वेळी ते तिला उचलायचे, पाठ-डोकं तपासायचे, डॉक्टरकडे चल म्हणायचे. ती नाही म्हणायची, आणि मग सगळ्यांना बसवून जेवायला घालायची, कारण फुकट कोणाला राबवून घेणं तिला जमत नाही. आणि अहवाल लिहायची वेळ आली की बकचा हात धरायची. "पडली असं लिहू नको. तो कागद रसेलकडे जातो."

"म्हणजे तू सरकारी कागदावर खोटं लिहिलंस," मी म्हटलं. माझ्या तोंडून हेच आलं. "दलप्रमुख असून. सहा वेळा."

"हो," बक म्हणाला. "आणि तू सहा वेळा वाचलंस."

१३ ऑक्टोबर

आज सुट्टी. कचेरी बंद. लोरेनबाईंना फोन करून सांगितलं की गळ्यातली बटणं कलम नऊमधून काढायचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. त्या म्हणाल्या, "मांड," आणि फोन ठेवला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी हॉस्पिटलची एक बाई आली, आईला पुढे कुठे पाठवायचं ते ठरवणारी. हातात फॉर्म, चेहरा अगदी माझ्यासारखा. मला ती बाई बघताक्षणी नावडली.

"या वर्षात किती वेळा पडलात, मिसेस कुबाला?"

"ही पहिलीच," आई म्हणाली. आणि उशीवरून माझ्याकडे बघितलं.

बाईंनीही माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नातेवाईक ना? बरोबर आहे?"

आईने चादरीची कड मुठीत धरली होती. मला माहीत होतं ती काय मागतेय. एकदा 'हो' म्हटलं की झालं. सगळं दल तिच्यासाठी वर्षभर हेच करत होतं.

"सात वेळा," मी म्हटलं.

आईने डोळे मिटले.

"मग घरी एकटीने राहणं—" बाई लिहायला लागल्या.

"एकटी नाही राहणार. मी तिथे राहतो."

"कधीपासून?" हे बाईंनी नाही, आईने विचारलं.

"आजपासून. सामान गाडीत आहे."

"मला विचारलंस?"

"नाही."

"माझ्या शिवणाच्या खोलीत झोपायचं नाही. आणि ते माहितीपत्रक तुझं तू उचल," ती म्हणाली, आणि बाईंना म्हणाली, "लिहा, मुलगा राहतो. घोरतो, तेही लिहा." बाईंनी पहिलं लिहिलं. सहा आठवडे फिजिओथेरपीच्या केंद्रात, मग घरचं बघू, असं म्हणून गेल्या.

मग आम्ही दोघंच उरलो. मला सांगायचं होतं. 

"आई, त्या दिवशी कंपनीने फोन केला तो मला. मीच म्हटलं—"

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं? बकने?"

"बक कशाला सांगेल? त्या पेटीतून ती मुलगी बोलत होती ना. मला सगळं ऐकू येत होतं. माझा आवाज तिकडे जात नव्हता, मेल्या रेडिओपायी, पण तिचा अगदी स्वच्छ. म्हणाली, मिसेस कुबाला, तुमच्या मुलाशी बोलणं झालंय, तो म्हणतो खोटा अलार्म आहे, आम्ही रद्द करतोय. दिवस छान जावो."

"मग?"

"मग काय? मी थँक यू म्हटलं. ती बिचारी तिचं काम करत होती."

मला तिच्याकडे बघता येईना. "परत दाबायचं ना बटण. गळ्यातच होतं की."

"होतं," आई म्हणाली. "हातात धरलं होतं मी. पण म्हटलं, नको. आधीच सात झालेत. लोकांसमोर तुझं नाव खराब व्हायचं."

तिने माझा हात थोपटला. मी एकसष्ट वर्षांचा माणूस, तिच्या पलंगाच्या कठड्याला डोकं लावून ओक्साबोक्शी रडलो, आणि नर्स आत येऊन विचारत होती काय झालं, तर आई तिला सांगत होती की काही नाही, उगाच.